घोड्यासह रानात मुक्काम: अमेरिकेतल्या प्रिमिटिव्ह हॉर्स कॅम्पबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतःचा घोडा असलेले, तबेल्यात घोडा भाड्याने ठेवलेले आणि नुकतेच खोगिरावर स्थिर बसायला लागलेले असे तिन्ही प्रकारचे मराठी लोक हे प्रश्न विचारतात. उत्तरं लिहिताना एक क्रम कायम डोळ्यासमोर ठेवला आहे: आधी घोडा, मग तंबू. आपण हौसेने रानात जातो, घोड्याला आपण नेतो. त्याचं पाणी, त्याची दोरी आणि त्याची वैरण यांची व्यवस्था लागल्याशिवाय स्वतःची खुर्ची उघडू नये. उदाहरणं बरीचशी टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवरच्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानातली आहेत, कारण पूर्व किनाऱ्याकडे राहणाऱ्यांना ते गाठता येतं. पश्चिमेकडे वेगळं काही करावं लागत असेल तिथे तसं सांगितलं आहे.

प्रिमिटिव्ह हॉर्स कॅम्प म्हणजे नक्की काय?

घोड्याचा ट्रेलर थेट आत नेता येईल असा रस्ता, तो उभा करायला खडीची किंवा मातीची पट्टी, घोडे बांधायला खांब किंवा आडवे दांडे, एखादं टेबल, शेकोटीचं लोखंडी कडं आणि खड्ड्याचा संडास. बहुतेक ठिकाणी एवढंच असतं. वीज नसते, शॉवर नसतो, आणि नळ दिसला तरी त्याला पाणी असेलच असं नाही. काही तळांवर दांडेसुद्धा नसतात, झाडांमध्ये दोरी आपणच बांधायची असते.

सोयीच्या हॉर्स कॅम्पमध्ये छपराखालचे ठाण, घोडा धुवायची जागा, वीज-पाणी असं सगळं मिळतं. दुसऱ्या टोकाला बॅककंट्री असते. तिथे गाडी मागे ठेवून सगळं सामान घोड्यावर किंवा खेचरावर लादून न्यावं लागतं. प्रिमिटिव्ह कॅम्प या दोन्हींच्या मधला. अडचण आलीच तर ट्रेलर शेजारी उभा असतो, म्हणून रानातल्या मुक्कामाची सुरुवात करायला यासारखी जागा नाही, असं माझं मत आहे.

असे तळ कुठे सापडतील?

यूएस फॉरेस्ट सर्व्हिसची राष्ट्रीय वनं, काही राष्ट्रीय उद्यानं, राज्यांची वनं आणि स्टेट पार्क. स्मोकी माउंटन्समध्ये गाडीने जाता येणारे पाच हॉर्स कॅम्प आहेत: अँथनी क्रीक, बिग क्रीक, कॅटालूची, राउंड बॉटम आणि टो स्ट्रिंग. अँथनी क्रीक टेनेसीच्या बाजूला केड्स कोव्हजवळ आहे, बाकीचे नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूला. उद्यानातल्या सुमारे ५५० मैल पायवाटांवर घोडे नेता येतात. आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर होतं आणि तळ हिवाळ्यात बंद असतात.

सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळाच्या पावसाने उद्यानाच्या पूर्वेकडच्या भागाचं, विशेषतः बिग क्रीक आणि कॅटालूचीच्या परिसरातल्या रस्त्यांचं आणि वाटांचं, मोठं नुकसान केलं. निघण्याआधी उद्यानाच्या पानावर बंद वाटांची यादी पाहाच. दोन-तीन घोडे भरलेला ट्रेलर बंद फाटकासमोरून मागे घ्यायची वेळ कुणावर येऊ नये.

उद्यानात प्रवेशाला पैसे पडत नाहीत. मात्र २०२३ पासून १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ गाडी उभी करायची असेल तर पार्किंग टॅग लागतो.

माझ्याकडे घोडा नाही. तबेल्यातून भाड्याने घेऊन जाता येईल का?

तास-दोन तासांची सवारी देणारे तबेले सहसा घोडा मुक्कामाला देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. अनोळखी घोडा आणि अनोळखी रात्र एकत्र नकोत. मुक्कामच हवा असेल तर परवानाधारक आउटफिटरची सहल घ्या: घोडे, खोगीर, स्वयंपाक आणि वाटाड्या त्यांचा असतो. मॉन्टाना आणि वायोमिंगमध्ये हा पिढीजात धंदा आहे.

माझा घोडा तयार आहे हे कसं ओळखायचं?

वेग आणि उंच उड्या इथे कामाच्या नाहीत. घोडा चार तास बांधलेला शांत उभा राहतो का? ट्रेलरमध्ये कटकट न करता चढतो का? सोबतीचा घोडा नजरेआड गेला तर घाबराघुबरा होतो का? पाठीवर उंच पिशवी घेतलेला माणूस समोर आला, तंबूचं कापड फडफडलं, डोक्यावर लावायचा दिवा अंधारातून त्याच्याकडे आला, तर काय करतो? हे सगळं घरी बघता येतं. तबेल्याच्या आवारात तंबू ठोका, तिथेच हायलाइन, म्हणजे घोडे बांधायला दोन झाडांमध्ये उंचावर ताणलेली दोरी, बांधा आणि घोड्याला एक अख्खी रात्र तिथे काढू द्या. रानात जे करायचं ते आधी घरी झालेलं असावं.

नालबंदाला निघण्याच्या एक-दोन आठवडे आधी बोलवा. अगदी आदल्या दिवशी नको, कारण एखादा खिळा बोचत असेल तर तो चार-सहा दिवसांत कळतो. स्मोकीच्या वाटा दगडाळ आहेत. नाल नसलेला घोडा नेत असाल तर खुरांना बूट घाला आणि त्यांचीही सवय आधी करून घ्या.

कोणती कागदपत्रं लागतात?

पहिलं म्हणजे कॉगिन्स चाचणीचा निगेटिव्ह अहवाल. ही रक्तचाचणी ज्यासाठी करतात तो इक्वाइन इन्फेक्शस ॲनिमिया हा विषाणूजन्य रोग चावणाऱ्या माश्यांमुळे एका घोड्याच्या रक्तातून दुसऱ्याकडे जातो. त्यावर इलाज नाही, लस नाही, आणि लागण झालेला घोडा जन्मभर इतरांना धोका असतो. म्हणून अनेक घोडे एकत्र येतात तिथे हा अहवाल मागतात. बहुतेक राज्यांत तो १२ महिन्यांच्या आतला चालतो, काही ठिकाणी मुदत त्याहून कमी असते.

दुसरं, राज्याची सीमा ओलांडत असाल तर पशुवैद्याचं आरोग्य प्रमाणपत्र. ते साधारण ३० दिवस चालतं. पश्चिमेकडच्या काही राज्यांत घोड्यावर मालकीची खूण म्हणून दिलेल्या डागाची तपासणी करून घ्यावी लागते. ज्या राज्यात जायचं आणि ज्या राज्यांतून जायचं, त्या प्रत्येकाचे नियम बघा. सगळं कागदावर छापून गाडीत ठेवा. फोनमधला अहवाल रेंज नसलेल्या दरीत उघडत नाही.

ट्रेलरचा प्रवास किती लांब असावा?

पहिल्या खेपेला चार तासांच्या आतलं ठिकाण निवडा. वळणावर आणि ब्रेकवर घोडा सतत तोल सावरत असतो, त्याच्यासाठी तो प्रवास म्हणजे उभ्या-उभ्याचं श्रमाचं काम आहे. दर तीन-चार तासांनी थांबा, पाणी दाखवा, पण महामार्गाच्या कडेला घोडा खाली उतरवू नका.

निघण्याआधी ट्रेलरचे टायर, ब्रेक, दिवे आणि लाकडी तळ तपासा. रबरी चटई उचलून खालचं लाकूड बोटाने दाबून पाहा. लघवीने ते आतून कुजतं आणि वरून कळत नाही. ट्रेलरचं सुटं चाक वेगळं असतं, गाडीचं त्याला चालत नाही. आणि किती लांबीचा ट्रेलर आत वळेल हे आरक्षण करतानाच वाचा.

रात्री घोडा बांधायचा कसा?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हे उत्तर लांब आहे.

तळावर दांडे किंवा खांब दिलेले असतील तर तेच वापरा. तिथे झाडाला बांधायला बंदी असते, आणि कारण साधं आहे: बांधलेला घोडा कंटाळला की टापेने जमीन उकरतो, मुळं उघडी पडतात, साल कुरतडली जाते, आणि दोन-चार हंगामांत झाड मरतं.

दांडे नसतील आणि परवानगी असेल तर हायलाइन. दोन जिवंत, भक्कम झाडं निवडा, बुंधा किमान २० सेंटिमीटर जाड हवा. बुंध्याला आधी ५ ते ७ सेंटिमीटर रुंदीचे पट्टे गुंडाळा. दोरी नुसतीच बांधली तर ती सालीत रुतते. दोरी जमिनीपासून सव्वादोन मीटर तरी वर, म्हणजे घोड्याच्या डोक्याच्या वर, आणि कडक ताणलेली हवी. ती ताणली जाणाऱ्या जातीची नको, नाहीतर मध्यरात्रीपर्यंत झोळी होऊन खाली येते. जागा कोरडी, टणक, पाण्यापासून आणि वाटेपासून किमान ६० मीटर लांब.

या दोरीवर घोड्याची बागडोर ज्या जागी बांधायची तिथे फिरती कडी किंवा न सरकणारी गाठ हवी, म्हणजे घोडा दोरीवरून सरकत झाडापर्यंत किंवा शेजाऱ्यापर्यंत पोचत नाही. झाडापासून दोन मीटर आणि दोन घोड्यांमध्ये तीन-साडेतीन मीटर अंतर ठेवा. जे घोडे घरी एकमेकांना चावतात त्यांना शेजारी बांधू नका, रानात त्यांचं मैत्र जुळत नाही.

बागडोरीची लांबी हा खरा कळीचा भाग. घोड्याचं नाक जमिनीवरच्या गवताला पोचलं पाहिजे, पण डोकं खाली असताना दोरीत एवढा ढिलेपणा नको की पाय तिच्यावरून पलीकडे जाईल. बांधून झाल्यावर घोडा डोकं खाली नेतो तेव्हा वाकून बघा. दोरी गुडघ्याच्या खाली लोंबत असेल तर आखूड करा. पाय अडकलेला घोडा झटके देतो आणि काही मिनिटांत कातडं सोलून हाडापर्यंत जखम करून घेतो.

गाठ नेहमी एका झटक्यात सुटणारी. म्होरकी कातडी किंवा दाबाने तुटणाऱ्या पट्टीची घ्या. अख्ख्या नायलॉनची तुटतच नाही. चाकू खिशात असू द्या, डब्यात नको.

ट्रेलरला बांधायचं असेल तर तो गाडीला जोडलेला आणि चाकांना अडण लावलेला हवा. सुटा ट्रेलर घाबरलेला घोडा ओढून नेऊ शकतो. बाहेर आलेले पत्रे, बिजागऱ्या, नंबरप्लेटची टोकं हाताने चाचपून बघा.

बॅटरीवर चालणारं विजेचं कुंपण हलकं आणि सुटसुटीत, घोड्याला फिरायलाही मिळतं. मात्र हरणांचा कळप त्यातून गेला किंवा अस्वलाचा वास आला तर ती पट्टी काहीही अडवत नाही. कुंपणाची पक्की सवय असलेल्या घोड्यालाच त्यात ठेवा, आणि तेही तळाच्या नियमात बसत असेल तर.

सारंगखेड्याच्या बाजारात घोडे अगाडी-पिछाडी लावून बांधलेले पाहिले आहेत. इथे तसं चालेल का?

अगाडी-पिछाडीत पुढची दोरी डोक्याला आणि मागची पायांना, दोन्ही मेखांना ठोकलेल्या. पागेतले घोडे या पद्धतीत लहानपणापासून वाढलेले असत आणि राखणीला मोतद्दार शेजारीच झोपत. इथल्या घोड्यांना पायाला दोरीची सवय नसते. मागचा पाय अडकला की ते लढतात. त्यामुळे नको.

पुढच्या पायांना पायबंद घालून चरायला सोडण्याची पद्धत पश्चिमेकडे रुळलेली आहे. तीसुद्धा शिकवावी लागते, आणि शिकलेला घोडा पायबंदासह उड्या मारत चांगलाच लांब जातो. माणूस समोर बसलेला असताना तासभर चरायला ठीक, रात्रभरासाठी नाही. स्मोकीसारख्या राष्ट्रीय उद्यानात तर चरायला सोडताच येत नाही, खाणं आपणच न्यायचं.

पाणी किती न्यायचं?

साडेचारशे-पाचशे किलोचा घोडा दिवसाला २० ते ४० लिटर पाणी पितो. उन्हाळ्यात चढावर काम केलेला घोडा याहून जास्त पितो. घरी हिरवं गवत खाणाऱ्या घोड्याला तिथून बरंच पाणी मिळत असतं. तळावर तो सुकं गवत खातो, म्हणजे तहान आणखी वाढते. दोन घोडे, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार असा हिशेब केला तर १६० लिटर हाताशी हवेत. त्याचं वजन १६० किलो होतं, ते गाडीच्या किंवा ट्रेलरच्या क्षमतेत धरायला विसरू नका.

ओढा शेजारी असला तरी घरचं थोडं पाणी न्याच. अनेक घोडे अनोळखी वासाच्या पाण्याला तोंड लावत नाहीत. न प्यायलेल्या घोड्याच्या आतड्यात सुकं गवत घट्ट बसतं आणि पोटशूळ उठतो. यावर जुना उपाय असा: घरी आठवडाभर पाण्यात थोडा सफरचंदाचा रस घालून पाजायचं, तळावर तोच रस तिथल्या पाण्यात घालायचा. चव ओळखीची लागली की घोडा पितो. बीट पल्प किंवा गोळी पेंड भरपूर पाण्यात भिजवून लापशीसारखी दिली तर त्यातूनही काही लिटर पोटात जातात. मिठाचा खडा किंवा चंदीत, म्हणजे दाण्याच्या खुराकात, चमचाभर मीठ असू द्या.

ओढ्यातून पाणी बादलीने आणा. घोडा काठावर नेऊन उभा केला की दरड खचते, पाणी गढूळ होतं आणि लीद प्रवाहात पडते. वाटेत पाजायचं असेल तर जिथे वाट ओढा ओलांडते त्या दगडी उतारावर पाजा. साचलेल्या, हिरवट साय आलेल्या पाण्यापासून लांब राहा, निळ्या-हिरव्या शेवाळाच्या विषाने जनावरं दगावतात. प्रत्येक घोड्याची बादली वेगळी. दुसऱ्याच्या बादलीतून किंवा तळावरच्या सामाईक हौदातून पाजू नका. स्ट्रँगल्ससारखे नाकातून पाझरणारे रोग असेच पसरतात.

खायला काय आणि किती?

रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के वैरण, म्हणजे ४५० किलोच्या घोड्याला ७ ते ९ किलो सुकं गवत. जाळीत भरून, थोडं-थोडं, दिवसरात्र चालू राहील असं. घोड्याचं पोट रिकामं राहण्यासाठी बनलेलंच नाही. खाण्यात गुंतलेला घोडा जमीन उकरत नाही, दोरी चावत नाही. जाळी छातीच्या वर बांधा, रिकामी झाल्यावर ती खाली लोंबते आणि टाप त्यात अडकते.

घरचंच गवत, घरचीच चंदी. सहलीचं कौतुक म्हणून दाणा वाढवू नका. चंदी तोबऱ्यात, म्हणजे तोंडाला अडकवायच्या पिशवीत, द्या, म्हणजे जमिनीवर सांडत नाही आणि उंदीर, अस्वलं जमत नाहीत. खाऊन झाला की तोबरा लगेच काढा. तोबरा लावलेल्या घोड्याने बादलीत तोंड घातलं तर आत पाणी भरून तो गुदमरतो.

‘वीड-फ्री’ गवताचा आग्रह कशासाठी?

स्पॉटेड नॅपवीड, लीफी स्पर्ज यांसारखी परकी तणं पश्चिमेकडच्या कुरणांवर पसरून स्थानिक गवत मारतात. आपल्याकडे गाजरगवताने काय केलं ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. या तणांची बी गवताच्या गठ्ठ्यातून येते, घोड्याच्या पोटातून शाबूत बाहेर पडते आणि लिदीच्या खतावर उगवते. म्हणून पश्चिमेकडच्या बहुतेक राष्ट्रीय वनांत तपासणी होऊन शिक्का मिळालेलं तणमुक्त गवतच चालतं. नियम नसला तरी तेच न्या, आणि निघण्याआधी दोन-तीन दिवस घरीही तेच खाऊ घाला, म्हणजे आधीची बी घरीच पडून जाईल. ते मिळत नसेल तर दाबून केलेले गवताचे ठोकळे किंवा गोळी पेंड चालते, फक्त सवय आधी करा.

लिदीचं काय करायचं?

तळावर त्यासाठी जागा किंवा पेटी ठरवून दिली असेल तर तिथे. नसेल तर जो नियम लिहिला असेल तो: काही ठिकाणी पाण्यापासून लांब पातळ पसरून टाकायची, काही ठिकाणी पिशवीत भरून घरी न्यायची. हायलाइनखालची जमीन रोज साफ करा, निघताना उकरलेले खड्डे बुजवा, सांडलेलं गवत गोळा करा. ट्रेलर झाडून तो कचरा वाहनतळावर सोडण्याची वाईट सवय अनेकांना आहे. घोडे नको म्हणणाऱ्या प्रत्येक तक्रारीत लीद पहिली असते, म्हणून फावडं आणि पंजा या सामानाला मी तंबूइतकंच महत्त्व देते.

अस्वलांची भीती किती?

स्मोकीत काळी अस्वलं भरपूर आहेत. ती घोड्यावर चालून येत नाहीत, पण वासावर येतात, आणि घोड्याची काकवी लावलेली गोड चंदी त्यांना आपल्या जेवणाइतकीच आवडते. माणसांचं अन्न, टूथपेस्ट, कुत्र्याचं खाणं आणि चंदी हे सगळं कुलूपबंद गाडीत ठेवा. घोड्याच्या ट्रेलरच्या जाळीच्या खिडक्या अस्वलाला अडवत नाहीत. मॉन्टाना, वायोमिंगच्या ग्रिझली अस्वलांच्या प्रदेशात चंदीसुद्धा अस्वल-रोधक पेटीत ठेवण्याचे लेखी आदेश असतात.

रात्री घोडे एका दिशेला कान रोखून फुरफुरायला लागले तर उठा. त्यांना आपल्या आधी कळतं.

कोणत्या झाडांपासून जपायचं?

पूर्वेकडच्या जंगलात या गोष्टीकडे फार दुर्लक्ष होतं. रेड मेपलची ताजी पानं विशेष त्रास देत नाहीत, पण वादळात फांदी तुटून सुकायला लागलेली पानं रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. अशी एक-दीड किलो पानं मोठ्या घोड्याला मारू शकतात. लघवी तांबूस-काळपट, हिरड्या पिवळट किंवा तपकिरी दिसल्या तर वेळ घालवू नका. जंगली चेरीची कोमेजलेली पानं सायनाइड सोडतात. स्मोकीत ओढ्याकाठी रोडोडेंड्रॉन आणि माउंटन लॉरेल यांची दाटी असते, दोन्ही विषारी आणि बारमाही हिरवी. लवकर वसंतात बाकी काही हिरवं नसतं तेव्हा घोडा त्यांच्याकडे तोंड करतो. ब्लॅक वॉलनटचा भुसा अंथरूण म्हणून वापरला तर खुरांना सूज येते.

दोरी बांधण्याआधी घोड्याचं तोंड पोचेल तेवढा परिसर वर, खाली आणि मागे बघून घ्या. वाटेवर पानं तोडत चालायची सवय असेल तर ती घरीच मोडा.

घोडा आजारी पडला तर?

आधी त्याचं निरोगी असतानाचं मोजमाप माहीत हवं. विसाव्याला मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, तापमान ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस. हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. कुशीला कान लावला की दोन्ही बाजूंनी गुरगुर ऐकू यायला हवी. घरी हे चार-पाच वेळा मोजून वहीत लिहा.

सगळ्यात मोठी भीती पोटशूळाची. घोडा खाणं सोडतो, कुशीकडे वळून बघतो, टाप आपटतो, वरचा ओठ दुमडतो, पुन्हापुन्हा बसतो-उठतो, लोळतो, लीद टाकत नाही. अशा वेळी दाणा-वैरण काढून घ्या आणि पशुवैद्याला फोन करा. नाडी साठच्या वर राहिली तर तो आणीबाणीचा प्रसंग समजा. शांत उभा राहत असेल तर उभा राहू द्या, लोळायला लागला तर हळूहळू चालवा, पण दमेपर्यंत नाही.

जवळच्या, घोडे बघणाऱ्या पशुवैद्याचा आणि घोड्यांच्या रुग्णालयाचा पत्ता घरून निघतानाच कागदावर लिहून घ्या. दऱ्यांमध्ये रेंज नसते, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र जवळ असावं, किंवा रेंज कुठल्या वळणावर येते ते पोचताच शोधून ठेवावं. वेदनाशामक औषध पशुवैद्याने आधी दिलं असेल तर त्याने सांगितलेल्या मात्रेत आणि मार्गानेच द्या. फ्लुनिक्सिन या वेदनाशामकाचं इंजेक्शन स्नायूत टोचल्याने जीवघेणा संसर्ग झाल्याची उदाहरणं पशुवैद्यकात नोंदलेली आहेत.

पेटीत थर्मामीटर, स्टेथोस्कोप, सलाइन, जाळीचं कापड, चिकटणाऱ्या पट्ट्या, खुराचा बूट आणि खूर गुंडाळायला रुंद चिकटपट्टी.

घोडा रात्री सुटून पळाला तर?

मागे धावू नका. बाकीचे घोडे पक्के बांधलेले आहेत का ते आधी बघा. ते जागेवर असले की सुटलेला बहुधा परत येतो. बादलीत चंदी खुळखुळवा. नाही आला तर ज्या रस्त्याने आणलं त्या बाजूला शोधा, घोडा आलेल्या वाटेनेच घराकडे निघतो. फाटक लावा आणि रेंजरला कळवा, कारण अंधारातल्या रस्त्यावरचा घोडा गाडीवाल्यांनाही धोका आहे. म्होरकीवर तुमच्या फोन नंबरची पट्टी कायम असावी. म्होरकी निसटू शकते, म्हणून आयाळीत गुंफलेला बिल्ला आणि कातडीखालची मायक्रोचिप असेल तर आणखी बरं.

वाटेवर पायी चालणारे भेटले तर कोण थांबतं?

पायी चालणारे घोड्याला वाट देतात, सायकलवाले दोघांनाही. पण अनेकांना हे माहीत नसतं. हसून नमस्कार करा, त्यांना उताराच्या बाजूला उभं राहायला सांगा आणि बोलत राहायला सांगा. आवाज आला की मोठी पिशवी घेतलेला तो प्राणी माणूसच आहे हे घोड्याला कळतं. आभार मानून चालत्या गतीनेच पुढे जा.

कुत्रा नेता येईल का? आणि मुलं?

स्मोकीत कुत्र्यांना फक्त दोन छोट्या वाटांवर परवानगी आहे, म्हणजे सवारीला तो येऊ शकत नाही. घरी ठेवा. मुलं जरूर न्या, पण हायलाइनच्या आसपास धावायचं नाही आणि घोड्याच्या मागून जायचं नाही हे पोचल्या-पोचल्या सांगा, आणि पहिल्या संध्याकाळी खरारा करायचं काम त्यांना द्या.

शेकोटी आणि आपलं जेवण?

स्मोकीत बाहेरून आणलेलं सरपण उष्णतेची प्रक्रिया केलेलं आणि तसा शिक्का असलेलं लागतं. लाकडातून येणाऱ्या किड्यांनी अमेरिकेतली ॲशची झाडं उजाड केली आहेत. जमिनीवर पडलेल्या मेलेल्या फांद्या तिथे वापरता येतात. कोरड्या दिवसांत शेकोटीवर बंदी येते, म्हणून गॅसची छोटी शेगडी असू द्या. भाजणीचं पीठ, कांदा, तेल एवढ्यावर दोन दिवस उत्तम जातात. सुकं गवत आणि शेकोटी यांच्यात भरपूर अंतर ठेवा.

पाऊस लागला तर?

भिजलेल्या मातीच्या वाटेवर घोडा नेला की टापांचे खोल खड्डे पडतात आणि पुढच्या पावसात त्यातून ओहोळ वाहतो. दिवसभर तळावर थांबा किंवा खडीच्या रस्त्याने फिरा. थंड पावसात थकलेला, ओला घोडा कापायला लागतो. पावसाळी झूल आणि भरपूर गवत हवं, चघळण्यातून त्याला ऊब मिळते. विजा चमकत असतील तर कड्याच्या धारेवर किंवा एकट्या उंच झाडाजवळ थांबू नका.

एवढे नियम कशासाठी? घोडे तर माणसाच्या आधीपासून रानात आहेत.

पाचशे किलोच्या जनावराला लोखंडी नाल ठोकून, एकाच जागी बारा तास बांधून ठेवलं की ते रानातलं जनावर राहत नाही, तो आपला भार होतो. आणि वाटा कुणीतरी राखाव्या लागतात. १९७३ मध्ये मॉन्टानाच्या फ्लॅटहेड खोऱ्यात काही घोडेस्वारांनी याच जाणिवेतून बॅक कंट्री हॉर्समेन ही संघटना सुरू केली. सार्वजनिक जमिनींवर घोड्यांना वाव राहायचा असेल तर त्या जमिनींची काळजी घोडेस्वारांनीच घेतली पाहिजे, अशी तिची भूमिका आहे. आज अनेक राज्यांत तिच्या शाखा आहेत. वादळात पडलेली झाडं कापणं, पूल दुरुस्त करणं, खेचरांवरून सामान पोचवणं ही कामं तिचे स्वयंसेवक करतात. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याखालच्या वनांत यंत्रांना बंदी आहे, म्हणून तिथे दोघांनी ओढायची हातकरवत चालवतात. तुमच्या राज्यातली शाखा शोधा आणि एका श्रमदानाला जा. हायलाइन नीट बांधायला शिकण्यासाठी मला याहून चांगली जागा माहीत नाही.

पहिल्यांदा किती रात्री राहावं?

एक. दुसरी रात्र घोडा पहिल्या रात्री किती प्यायला आणि किती झोपला यावर ठरवा.

परत आल्यावर काय?

घोडा उतरवून आधी पाणी, मग मोकळं चालणं. शेपटी, आयाळ, कान, मांड्यांच्या आतली बाजू, सगळीकडे गोचिडी शोधा, लाइम रोग घोड्यालाही होतो. तंगाखालची आणि खोगिराखालची कातडी दाबून बघा. खुरांच्या फटीत आणि शेपटीत अडकलेल्या बिया तबेल्याच्या दारातच काढून कचऱ्यात टाका. ट्रेलर धुवा, बादल्या जंतुनाशकाने धुवून उन्हात वाळवा. तळावर इतर घोडे असतील तर आपला घोडा दोन आठवडे बाकीच्यांपासून वेगळा ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. ३८.६ अंशांच्या वर गेला, नाकातून पिवळा स्राव आला किंवा जबड्याखाली गाठ लागली तर पशुवैद्याला बोलवा, आणि तळावर ज्यांच्या शेजारी घोडे बांधले होते त्यांनाही त्याच दिवशी कळवा.